डीबगरने दाखवलेली किंमत कोण तपासतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्यांवर लेख आला होता. त्यातल्या एका चौकटीत ‘डीबगर म्हणजे प्रोग्राममधल्या चुका आपोआप शोधून देणारे सॉफ्टवेअर’ असं छापलं आहे. चौकटीची उरलेली जागा १९४७ साली हार्वर्डच्या ‘मार्क टू’ यंत्रात सापडलेल्या त्या प्रसिद्ध पतंगाने खाल्ली आहे. पतंगाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो खरोखरच सापडला होता आणि ज्या नोंदवहीत तो चिकटवला ती अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवली आहे. म्हणणं आहे ते व्याख्येबद्दल. डीबगर एकही चूक शोधत नाही. डीबगरच्या चाचण्या घेणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. सी भाषेतल्या प्रोग्राममधल्या किमती तो बरोबर दाखवतो की नाही हे मी तपासते, म्हणून राहवलं नाही. पत्र लांबलं आहे, कात्री लावायला माझी हरकत नाही.

डीबगर करतो ते एवढंच. चालता प्रोग्राम आपण सांगू त्या ओळीवर थांबवतो आणि विचारलं की त्या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये (किंमत ठेवायच्या, नाव दिलेल्या कप्प्यात) काय आहे ते सांगतो. चूक ओळखायची ती माणसानेच. बेरीज ४५० यायला हवी होती आणि आली ४५, हे डीबगरला कुठून कळणार? त्याला ४५ दिसतात, तो ४५ सांगतो. एक शून्य कुठे गळलं ते शोधायला आपण पुढच्या ओळीवर थांबतो, मग मागच्या, मग फंक्शनच्या आत.

आता, ‘४५ दिसतात’ असं मी सहज म्हटलं, पण खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. सी प्रोग्राम कंपाइल झाला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवला गेला, की आपण प्रेमाने ठेवलेली ‘टोटल’, ‘मार्क्स’ वगैरे नावं यंत्राच्या लेखी उरत नाहीत. उरतात नुसत्या बाइट, म्हणजे मेमरीतली आठ-आठ बिटांची घरं. एका बाइटमध्ये ६५ असेल तर तो ६५ हा आकडा, की इंग्रजीतलं पहिलं मोठं अक्षर, हे ती बाइट सांगत नाही. चार बाइटचा एकच गठ्ठा दशांश संख्या म्हणून वाचला तर १.० होतो आणि पूर्णांक म्हणून वाचला तर १०६५३५३२१६ होतो. दोन्ही वाचनं आपापल्या जागी बिनचूक. कुठलं हवं ते ठरवायला वेगळी नोंद लागते.

ती नोंद कंपाइलर ठेवतो, पण सांगितलं तरच. जीसीसी या कंपाइलरला ‘वजा जी’ हा पर्याय दिला की प्रोग्रामसोबत तो एक मोठं बाड तयार करतो. त्याच्या मांडणीला ‘ड्वार्फ’ म्हणतात. (प्रोग्रामच्या फाइलीच्या मांडणीचं नाव ‘एल्फ’ होतं म्हणून हे ड्वार्फ. परीकथेतले यक्ष आणि बुटके, इंजिनिअरांचे विनोद या पातळीचे असतात.) तिची दुसरी आवृत्ती १९९३ सालची, पाचवी २०१७ सालची. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जशी जमीन नसते, कुठला गट कुणाच्या नावावर आणि त्याची हद्द काय एवढंच असतं, तसं या बाडात किंमत नसते. ‘टोटल’ नावाचं व्हेरिएबल अमुक ओळीपासून तमुक ओळीपर्यंत अमुक जागी आहे, चार बाइटचं आहे, पूर्णांक आहे, त्याला उणे चालतं, इतकंच लिहिलेलं असतं. डीबगर उतारा वाचतो, त्या गटावर जातो, बाइट उचलतो आणि उताऱ्यातल्या वर्णनाप्रमाणे तिचा अर्थ लावून पडद्यावर छापतो. म्हणजे आपण जी किंमत बघतो ती कंपाइलरच्या नोंदीवर आणि डीबगरच्या वाचनावर विसंबून आलेली असते. दोघांपैकी एकानेही गडबड केली तर पडद्यावर येतो तो दिसायला एकदम साधासुधा, पण खोटा आकडा.

आमचं काम इथे सुरू होतं.

आधी एक छोटा सी प्रोग्राम लिहायचा. तो कुणाच्याही उपयोगाचं काही करत नाही. त्यात सीमधल्या प्रत्येक जातीचं एकेक व्हेरिएबल असतं: कॅरॅक्टर, शॉर्ट, इंट, लाँग, त्यांची अनसाइन्ड भावंडं, फ्लोट, डबल, पॉइंटर, ॲरे, स्ट्रक्चर, युनियन, इनम. प्रत्येकात मला आधीपासून माहीत असलेली किंमत भरायची, ठरलेल्या ओळीवर थांबायचं, डीबगरला विचारायचं आणि उत्तर ताडून बघायचं. जुळलं तर ‘पास’, नाही तर ‘फेल’. मग उलट बाजूने. डीबगरमधून किंमत बदलायची, पुन्हा विचारायची, आणि प्रोग्राम पुढे चालवून खुद्द प्रोग्रामला ती नवी किंमत मिळाली का तेही बघायचं. ही शेवटची पायरी पुष्कळ जण गाळतात. मग डीबगर स्वतःच लिहून ठेवलेलं स्वतःच वाचून दाखवतो, प्रोग्रामपर्यंत काही पोचलेलंच नसतं, आणि अहवालात सगळं हिरवंगार.

भरायची किंमत कुठली हे ठरवण्यात निम्मं शहाणपण आहे. शून्य कधीही भरू नये. मेमरीत कुणी हात लावला नसेल तरी बहुधा शून्यच असतं, त्यामुळे डीबगर भलत्याच जागी बघत असला तरी चाचणी पास होते. १ हा आकडासुद्धा भरू नये, त्याने उरलेल्या तीन बाइट शून्य राहतात. मी हेक्समधला, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेला, १२३४५६७८ भरते. त्यात चारही बाइट वेगळ्या आहेत. इंटेलच्या प्रोसेसरवर मेमरीत त्या ७८, ५६, ३४, १२ अशा उलट्या क्रमाने बसतात, जुन्या पॉवरपीसी चिपवर सुलट्या. डीबगरने क्रम चुकवला, दोनच बाइट वाचल्या, की शेजारच्या घरात डोकावला, हे आलेल्या उत्तरावरूनच कळतं. ॲरेतसुद्धा प्रत्येक घरात वेगळा आकडा हवा. सगळीकडे एकच भरला तर जीडीबी, म्हणजे लिनक्सवरचा सगळ्यात रुळलेला डीबगर, दहाहून जास्त वेळा आलेला आकडा एकदाच छापून पुढे ‘इतक्या वेळा’ असं लिहून मोकळा होतो, आणि दोनशे घरांनंतर तर तीन टिंबं देऊन थांबतो. ही त्याची सोय आहे, दोष नाही. पण चाचणी लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो दिवसभर नसलेल्या भुतामागे धावतो.

जुळणी करतानाही सापळे आहेत. जीडीबी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिला. त्याच्याबरोबर येणारा चाचण्यांचा संच ‘टीसीएल’ भाषेत आहे आणि तो ‘एक्स्पेक्ट’ नावाच्या साधनावर चालतो. डॉन लिब्स यांनी बनवलेलं हे साधन माणसासारखं कीबोर्डवर आज्ञा टाइप करतं आणि ठरलेलं उत्तर येण्याची वाट बघतं. उत्तराचा नमुना आपण द्यायचा. ‘बरोबर चिन्हानंतर १’ एवढाच ढिला नमुना दिला तर उत्तर १० आलं तरी पास आणि १७२८ आलं तरी पास. नवीन मुलांनी लिहिलेल्या चाचण्या तपासताना मी सगळ्यात आधी हेच बघते: चाचणी पास होते का हे नंतर, आधी ती नापास होऊ शकते का ते सांग. मुद्दाम चुकीची किंमत भरून बघायची. तरीही पास झाली तर ती चाचणी केराच्या टोपलीत.

दुसरी सवय याहून वाईट. डीबगर चालवायचा, जे उत्तर येईल ते कॉपी करून ‘अपेक्षित उत्तर’ म्हणून चिकटवायचं. मग ती चाचणी जन्मभर पास होत राहते, डीबगर चुकीचा असला तरीही. अपेक्षित उत्तर कागदावर काढावं लागतं, सीच्या नियमांवरून आणि त्या प्रोसेसरच्या मांडणीच्या दस्तऐवजावरून. एका बिटचं साइन्ड (उणे चालणारं) फील्ड घेतलं आणि त्यात १ भरला तर जीसीसीवर उत्तर उणे १ यायला हवं. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं मी चेष्टा करते आहे. पण उपलब्ध असलेला एकमेव बिट चिन्हाचाच असेल तर दुसरं काय होणार?

जीडीबीचा हा चाचणीसंच कुणालाही उघडून वाचता येतो, आणि मी प्रत्येक नव्या माणसाला तो वाचायला लावते. ‘सेटव्हार’ नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक प्रकारच्या व्हेरिएबलला किंमत देऊन ती परत वाचलेली आहे. वाचायला कंटाळवाणं, पण रियाजाचं. ‘स्कोप’मध्ये एकाच नावाची व्हेरिएबलं दोन वेगळ्या फाइलींत, दोन फंक्शनांत, आणि एकाच फंक्शनमधल्या आतल्या कंसात ठेवली आहेत. विचारणारा नेमका कुठे उभा आहे त्यावर उत्तर बदलायला हवं. एका ठिकाणी ६ चा फॅक्टोरियल (१ ते ६ यांचा गुणाकार) काढून ७२० येतात का ते पाहिलं आहे, आणि तो निमित्तमात्र आहे. फंक्शन स्वतःलाच हाक मारत खाली उतरतं तेव्हा प्रत्येक पायरीवरची वेगळी किंमत डीबगरला सांगता येते का, हा खरा प्रश्न. निकालातही नुसतं पास-फेल नाही. कंपाइलर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोषामुळे नापास होणारी चाचणी वेगळ्या नावाने नोंदवतात, आणि डीबगरच्याच माहीत असलेल्या पण अजून दुरुस्त न झालेल्या दोषामुळे नापास होणारी वेगळ्या. आपली चूक कुठली आणि शेजाऱ्याची कुठली याचा हा प्रामाणिक हिशेब मला फार आवडतो. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या सभेत तो कधी सुरू होईल कोण जाणे.

बरोबर उत्तर चुकीचं वाटण्याचे प्रसंगही येतात. दशांश संख्यांच्या बाबतीत तर नेहमी. कुणीतरी तक्रार नोंदवतं की मी ०.१ भरले आणि डीबगर ०.१००००००००१ च्या जवळपासचं काहीतरी दाखवतो, दुरुस्त करा. नेमकं सांगायचं तर फ्लोटसाठी जीडीबी ०.१०००००००१ छापतो आणि डबलसाठी ०.१०००००००००००००००१. दोन्ही खरं आहे. दोनच्या घातांवर चालणाऱ्या यंत्रात ०.१ नेमका मावतच नाही, एक तृतीयांश दशांशात मावत नाही तसा. सीमधलं छापायचं नेहमीचं फंक्शन प्रिंटएफ सहा घरांवर गोल करून ०.१००००० छापतं आणि आपल्याला खूश ठेवतं. डीबगर भीड ठेवत नाही, एवढाच फरक. अशी तक्रार मी ‘दोष नाही’ असा शेरा मारून परत पाठवते आणि खाली हे सगळं लिहिते, कारण नुसत्या शेऱ्याने माणूस चिडतो.

स्ट्रक्चरचंही, म्हणजे अनेक व्हेरिएबलांच्या गठ्ठ्याचंही, तसंच. एक कॅरॅक्टर आणि एक इंट, एक अधिक चार म्हणजे पाच बाइट व्हायला हव्यात. होतात आठ. मधल्या तीन बाइट कंपाइलर रिकाम्या सोडतो, इंटचा पत्ता चारच्या पटीत यावा म्हणून. डीबगरमधून कच्ची मेमरी पाहिली तर त्या तीन बाइटमध्ये काहीही कचरा दिसतो. चाचणीत तिथे शून्य अपेक्षित धरलं तर ती आज पास, उद्या फेल.

खरी परीक्षा मात्र ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्राम वेगवान करायला कंपाइलर करतो ती काटछाट, चालू केल्यावर असते. वर सांगितलं ते बहुतेक बिनऑप्टिमाइझ केलेल्या, म्हणजे ‘ओ शून्य’ने कंपाइल केलेल्या प्रोग्रामबद्दल होतं. तिथे प्रत्येक व्हेरिएबलला मेमरीत कायमचं घर असतं. पण ग्राहकाला जाणारा प्रोग्राम ‘ओ दोन’ने कंपाइल होतो. तिथे कंपाइलर व्हेरिएबल मेमरीतून काढून रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) ठेवतो, थोड्या ओळींनी दुसऱ्या रजिस्टरमध्ये हलवतो, काम संपलं की ते रजिस्टर दुसऱ्याच कामाला लावतो. लूपमधला फेऱ्या मोजणारा ‘आय’ तर कित्येकदा नाहीसाच होतो, त्याच्याऐवजी सरळ पत्ताच वाढवत नेलेला असतो. अशा प्रत्येक हलवाहलवीचा फेरफार नोंदवला गेला पाहिजे. नाही नोंदवला, तर उताऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव राहतं आणि डीबगर त्या रजिस्टरमध्ये आता राहायला आलेल्या भलत्याच माणसाची किंमत आपल्या व्हेरिएबलच्या नावावर खपवतो.

फेरफार नीट झाले असतील आणि किंमत खरोखरच कुठे उरलेली नसेल, तर जीडीबी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ असं छापतो. यावर इंजिनिअर मंडळी जाम वैतागतात. आमच्या इमारतीत या दोन शब्दांना शिव्या न घातलेला माणूस सापडायचा नाही. मी मात्र त्या उत्तराच्या बाजूने भांडते. चाचणी लिहिताना आमचा नियम असा: ऑप्टिमाइझ केलेल्या प्रोग्राममध्ये बरोबर किंमत आली तर पास, ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ आलं तर नोंद करून पुढे, आणि चुकीची किंमत आली तर सगळं काम थांबवून आधी ते बघायचं. ‘आय’ नाही म्हटल्यावर माणूस दुसरी वाट शोधतो. ‘आय’ ३ आहे असं खोटंच सांगितलं, तर तो त्या ३ च्या मागे संध्याकाळपर्यंत फिरतो, नसलेली चूक दुरुस्त करतो आणि जाताना खरीखुरी चूक घालून ठेवतो. व्यवस्थापनाला हे पटवायला वेळ लागतो, कारण आकड्यांच्या तक्त्यात ‘दाखवलेल्या किमतींचं प्रमाण’ हा रकाना असतो, ‘खोट्या दाखवलेल्या किमती’ हा नसतो. कंपाइलरवाल्यांनी या बाबतीत बरीच मजल मारली आहे हेही सांगायला हवं. २०१० सालच्या जीसीसी ४.५ पासून व्हेरिएबलच्या प्रत्येक बदलाचा माग ठेवण्याची सोय आली, २०१३ सालच्या ४.८ मध्ये डीबगिंगला सोसवेल इतकंच ऑप्टिमायझेशन करणारा ‘ओजी’ हा पर्याय आला.

बघण्याने बघायची गोष्ट बदलू नये, ही आणखी एक अट. वाटते तितकी ती साधी नाही. डीबगरमध्ये सीची कुठलीही पदावली (एक्स्प्रेशन) विचारता येते. ‘ए बरोबर बी आहे का’ हे विचारताना दोनऐवजी एकच बरोबर चिन्ह टाकलं तर डीबगर मुकाट्याने बीची किंमत एमध्ये घालतो आणि वर ती छापूनही दाखवतो. प्रोग्राम तिथून पुढे वेगळ्याच वाटेला लागतो. हा डीबगरचा दोष नव्हे, सीचा नियमच तो. पण आपण फक्त डोकावलो होतो, असं समजणाऱ्याला ते कळत नाही. फंक्शनचं नाव कंसासकट लिहिलं तर ते फंक्शन प्रोग्रामच्या आत खरोखर चालतं, त्यात फाइल पुसायचा कोड असेल तर फाइल पुसली जाते. शिवाय प्रोग्राम थांबवण्यासाठी डीबगर त्या जागची सूचना काढून तिथे स्वतःची बाइट पेरतो. त्याच जागेची मेमरी आपण बघायला मागितली तर त्याने मूळची बाइट दाखवायची असते, स्वतः पेरलेली नाही. याची चाचणी मी कधीच वगळत नाही.

आम्ही ज्या चिपसाठी काम करतो त्या गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये बसतात. तिथे तर नुसतं वाचणंही महागात पडतं. सिरिअल पोर्टचं डेटा रजिस्टर घ्या. ते वाचलं की आलेली बाइट रांगेतून निघून जाते. कुणी डीबगरची मेमरीची खिडकी त्या पत्त्यावर उघडी ठेवली, तर प्रत्येक थांब्यावर खिडकी ताजी होताना एकेक बाइट डीबगरच गिळतो आणि प्रोग्राम निरोपाची वाट बघत बसतो. खिडकी बंद केली की सगळं सुरळीत. मग इंजिनिअर छातीठोकपणे सांगतो, ‘डीबगर लावला की बिघडतं’. बरोबरच असतं त्याचं. काही रजिस्टरं तर एकदम चार बाइटच वाचावी लागतात, एकेक करून चार वेळा वाचली तर चिप त्रुटी देते. डीबगरने कुठली जागा कशी वाचायची आणि कुठल्या जागेला न सांगता हातच लावायचा नाही, हे सगळं चाचणीत येतं. आणि मोटार फिरवणारा कंट्रोलर मध्येच थांबवला तर टायमर गोठवायची सोय चालू केलेली नसल्यास मोटारीला शेवटचा हुकूम मिळत राहतो. तेव्हा किंमत बघायच्या आधी हातमोजे.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते.

आमच्याकडे मुलाखतीला डिप्लोमा झालेली, बीई झालेली मुलं-मुली येतात. हुशार असतात, सी येतं. मी एक चुकीचा प्रोग्राम देते आणि विचारते, किंमत कुठे बिघडली ते कसं शोधशील? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: ‘मॅडम, प्रिंटएफ टाकून बघीन.’ त्यांचा दोष नाही. आपल्याकडे कित्येक प्रयोगशाळांत सी शिकवला जातो तो निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर. १९८७ साली बोरलँडने काढलेल्या त्या वाणाचा नव्वदच्या दशकातला अवतार आता डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) कोंबून चालवतात. मीही त्यावरच शिकले. प्रत्येकाला कंट्रोल-एफ नाइन ठाऊक असतं आणि आउटपुट बघायला ऑल्ट-एफ फाइव्ह. पण त्याच पडद्यावर एफ सेव्हनने एकेक ओळ चालवता येते, कंट्रोल-एफ सेव्हनने व्हेरिएबल वॉचमध्ये टाकून त्याची किंमत डोळ्यांदेखत बदलताना बघता येते, हे मला कुणी प्रॅक्टिकलला दाखवलं नव्हतं. जर्नलमध्ये डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आउटपुट काढायचं, बाहेरचे परीक्षक ओरलला ‘पॉइंटर म्हणजे काय’ विचारणार, ‘पत्ता साठवणारं व्हेरिएबल’ असं म्हटलं की गुण. तो पत्ता प्रत्यक्षात कधी बघितलास का, असं कुणी विचारत नाही.

प्रिंटएफला मी नावं ठेवत नाही. कंट्रोलर थांबवता येत नाही तिथे आम्हीही नोंदी छापूनच बघतो. पण प्रिंटएफ आपल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं. दशांश संख्येला पूर्णांकाचा साचा दिला तर ते काहीतरी अचाट छापून मोकळं होतं आणि मुलगा समजतो की गणित चुकलं. डीबगर प्रकार कंपाइलरच्या नोंदीतून घेतो, माणसाला विचारत नाही. दुसरं, प्रिंटएफने लिहिलेलं लगेच बाहेर पडेलच असं नसतं. आउटपुट फाइलमध्ये वळवलं असेल तर ते आधी आत साठतं, आणि प्रोग्राम मध्येच कोसळला तर साठलेलं त्याच्यासोबत जातं. मुलगा मग शेवटची छापलेली ओळ बघून चूक त्याच्या पुढच्याच ओळीत शोधत बसतो, प्रत्यक्षात प्रोग्राम कितीतरी पुढे जाऊन मेलेला असतो. आणि तिसरं, ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिण्यासारखी चूक असेल तर नवा प्रिंटएफ टाकल्याने मेमरीची मांडणी हलते आणि कधीकधी चूक गायब होते. प्रिंटएफ काढलं की परत हजर.

म्हणून शिक्षकांना एक सुचवते. नवा विषय नको, नवं पुस्तक नको. फॅक्टोरियलचा प्रोग्राम सगळीकडे असतोच. तो इंटमध्येच ठेवा. ‘वजा जी’ लावून कंपाइल करा, जीडीबीत उघडा, मेन फंक्शनवर ब्रेकपॉइंट (थांबा) लावा, रन म्हणा. थांबल्याबरोबर लोकल व्हेरिएबलं छापायला सांगा. भलतेच आकडे दिसतील, कारण पडद्यावर दाखवलेली ओळ अजून चाललेली नसते, ती आता चालायची असते. निम्म्या वर्गाचा इथे गोंधळ उडतो, उडू द्या. मग गुणाकाराच्या व्हेरिएबलवर ‘डिस्प्ले’ लावा आणि ‘नेक्स्ट’ म्हणत एकेक फेरी पुढे जा. जर्नलच्या डाव्या पानावर तीन रकाने: फेरी, कागदावर काढलेली किंमत, डीबगरने दाखवलेली किंमत. १२ पर्यंत दोन्ही जुळतील, ४७९००१६००. तेराव्या फेरीला कागद म्हणेल ६२२७०२०८०० आणि डीबगर म्हणेल १९३२०५३५०४. सीच्या नियमानुसार इथे काय होईल याची हमीच नाही, पण आजच्या नेहमीच्या संगणकावर हेच येतं. ज्यांच्याकडे टर्बो सीच आहे त्यांनी निराश होऊ नये. तिथे इंट दोनच बाइटचा असल्यामुळे गंमत आठव्या फेरीलाच येते, ४०३२० च्या जागी उणे २५२१६. मग मुलांना विचारा, डीबगर चुकला की प्रोग्राम? व्हेरिएबल ‘लाँग लाँग’ करून परत चालवायला लावा. टर्बो सीवर तो प्रकार नाही, तिथे नुसतं ‘लाँग’ करा. दुसऱ्या तासाला तोच प्रोग्राम रिकर्सिव्ह (स्वतःलाच हाक मारणारा) करून तळाशी थांबवा आणि ‘बीटी’ (बॅकट्रेस) टाइप करायला सांगा. एकाखाली एक सगळ्या पायऱ्या आपापल्या किमतीसह दिसतील. फळ्यावर चौकटी काढून समजावायला जो तास जातो तो वाचेल.

जीसीसी आणि जीडीबी दोन्ही फुकट आहेत आणि लिनक्सवर बहुधा एका आज्ञेत बसतात. जुन्या, दोन जीबी रॅमच्या यंत्रावरही हा प्रोग्राम कुरकुर न करता चालतो. विंडोजवर कोडब्लॉक्स वापरत असाल तर मिनजीडब्ल्यूसकट (विंडोजवरच्या जीसीसीसकट) मिळणारी आवृत्ती घ्या, त्यातला डीबगर आतून जीडीबीच आहे, फक्त प्रोजेक्ट ‘डीबग’ या टार्गेटवर ठेवायला विसरू नका, आणि प्रोजेक्टच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको, ब्रेकपॉइंट लागत नाहीत म्हणून येणाऱ्या तक्रारींचं ते एक जुनं कारण आहे.

कळावे,
आपली,
एक टेस्ट इंजिनिअर, चिंचवड
(कंपनीची परवानगी घेतलेली नाही, त्यामुळे कृपया नाव छापू नये.)